मेजरची ती चार वाक्ये : 'फॉल्टी टॉवर्स'च्या चाहत्यांना खुले पत्र

'फॉल्टी टॉवर्स'च्या सर्व चाहत्यांना,

स. न. वि. वि.

आपल्या या हॉटेलातल्या गोंधळावरच्या ब्रिटिश विनोदी मालिकेतल्या 'द जर्मन्स' या भागावरून आपल्यात जो वाद गेली काही वर्षे धुमसतो आहे, त्याविषयी हे पत्र आहे. हा भाग म्हणजे ब्रिटिश विनोदी मालिकांचे शिखर असून त्यातल्या एका शब्दालाही कात्री लावणे म्हणजे अभिव्यक्तीचा गळा घोटणे होय, असे मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मालिकेवर तितकाच जीव असलेले, पण मेजर गोवन या पात्राच्या तोंडची वंशद्वेषी शिव्यांची काही वाक्ये आता ऐकवत नाहीत आणि ती गाळली तर काही बिघडत नाही, असे म्हणणारेही कमी नाहीत. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण एका गोष्टीवर त्यांचे नकळत एकमत झालेले मला दिसते : ती वाक्ये भागापासून सुटी आहेत, असे दोघांनीही गृहीत धरले आहे. एकाला ती ठेवायची आहेत, दुसऱ्याला काढायची आहेत, पण ती तिथे काय काम करतात आणि ती नसली तर उरलेल्या भागाचे काय होते, हे कोणी फारसे तपासत नाही. माझे म्हणणे असे की या भागाचा उत्तरार्ध त्या वाक्यांवर टेकलेला आहे. ती काढली की तो ढासळतो, आणि 'नुसता विनोद आहे' म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष केले तरीही ढासळतो.

मालिकेचा इतिहास आपल्याला सांगायला नको; संदर्भापुरते एवढेच की जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी लिहिलेल्या अवघ्या बारा भागांपैकी हा सहावा, म्हणजे १९७५च्या पहिल्या सत्राचा शेवटचा भाग, आणि तो २४ ऑक्टोबर १९७५ रोजी बीबीसी टूवर प्रथम दाखवला गेला. एरवी भागाच्या सुरुवातीला हॉटेलची इमारत आणि तिची ती अक्षरे गळालेली, वेडीवाकडी झालेली पाटी दिसते. इथे मात्र थेट रुग्णालयाची इमारत समोर येते, कारण हॉटेलमालक बॅसिलची बायको सिबिल पायाच्या बोटात रुतलेल्या नखावरच्या शस्त्रक्रियेसाठी भरती झाली आहे आणि पुढचे दोन-तीन दिवस हॉटेल एकट्या बॅसिलच्या हाती राहणार आहे. पाहणाऱ्याला पुढचे संकट कळायला तेवढे पुरते. सिबिल खाटेवर पडल्या पडल्या कामे सांगत राहते : सांबराचे ते मोठे डोके भिंतीवर टांगायचे आहे, दुसऱ्या दिवशी आगीची रंगीत तालीम घ्यायची आहे. बॅसिल 'हो, हो' म्हणत राहतो.

आता भागाच्या पूर्वार्धाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण वादाच्या धुरळ्यात तो पार दिसेनासा झाला आहे. आगीच्या तालमीचा प्रसंग हा माझ्या मते संपूर्ण मालिकेतल्या सर्वांत काटेकोर रचलेल्या प्रसंगांपैकी एक आहे. तालमीची घंटा सुरू करण्याची किल्ली काढायला बॅसिल तिजोरी उघडतो आणि चोरघंटा वाजू लागते. पाहुण्यांना वाटते, हीच ती तालीम. ते शिस्तीत दिवाणखान्यात येऊन उभे राहतात. खरे तर इथे कोणताही शहाणा हॉटेलमालक 'झाली तालीम, आभारी आहे' म्हणून मोकळा झाला असता. बॅसिलला ते सहन होत नाही. ही चोरघंटा आहे, आगीची घंटा वेगळी आहे, ती अर्ध्या स्वराने वरची आहे, हे तो त्यांना चिडून समजावत बसतो, आणि आम्हाला तो फरक कसा कळावा, असे पाहुण्यांनी विचारल्यावर फरक ऐकवायला घंटा वाजवून दाखवायची पाळी त्याच्यावर येते. घंटा कोणती खरी आणि कोणती नमुन्याची, यावर हुज्जत चाललेली असताना तिकडे मुदपाकखान्यात मॅन्युएल या स्पॅनिश वेटरच्या हातून खरी आग लागते. तो ओरडत बाहेर येतो, तर ही तालीम आहे, आग नाही, असे बजावून बॅसिल त्याला पुन्हा आत ढकलतो आणि दार लावून घेतो.

या प्रसंगातली प्रत्येक पायरी बॅसिलच्या स्वभावातून निघाली आहे, हे ध्यानात घ्यावे. त्याला बरोबर ठरायचे असते आणि त्यापुढे माणसे जळाली तरी चालतील, इतका तो त्या बरोबरपणाला चिकटलेला असतो. आत्माराम भेंडे आणि बबन प्रभू यांच्या जोडीने मराठी रंगभूमीवर जो फार्स रुजवला, तो पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला हा नियम पाठ असतो : गोंधळ बाहेरून टपकून चालत नाही, तो नायकाच्याच एखाद्या थापेतून किंवा हट्टातून वाढत गेला पाहिजे. 'द जर्मन्स'चा पूर्वार्ध हा नियम तंतोतंत पाळतो.

आणि मग येतो तो तव्याचा फटका. आग विझवण्याचे नळकांडे बॅसिलच्या तोंडावरच उडते, डोळ्यांत गेलेल्या फवाऱ्याने तो आंधळा होऊन चाचपडत असतो, तेवढ्यात मॅन्युएलच्या हातातला तवा त्याच्या डोक्यात बसतो. तो रुग्णालयात शुद्धीवर येतो, डोक्याला पट्ट्या बांधलेल्या अवस्थेतच तिथून पळ काढतो आणि नेमका जर्मन पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळी हॉटेलात पोहोचतो. युद्धाचा विषय काढू नका, मी एकदा काढला पण बहुधा निभावून नेले, हे त्याचे हॉटेलात काम करणाऱ्या पॉलीला सांगणे आता इंग्रजी बोलणाऱ्या अर्ध्या जगाला पाठ आहे. जेवणाची मागणी घेताना पदार्थांच्या नावांत नाझी पुढाऱ्यांची नावे घुसत जातात, पाहुण्यांपैकी एक बाई रडू लागते, आणि तिला हसवायला म्हणून हा गृहस्थ ओठावर बोट आडवे धरून हिटलरची नक्कल करतो व तंगड्या ताठ फेकत दालनभर चालून दाखवतो.

आपल्यातल्या अनेकांना हाच भागाचा, किंबहुना मालिकेचा, परमोच्च क्षण वाटतो. अभिनय म्हणून तो आहेच. बॅसिलचे काम करणाऱ्या सहा फूट पाच इंच उंचीच्या क्लीझनी तेवढ्या उंचीचा असा उपयोग क्वचितच दुसरीकडे केला असेल. पण रचना म्हणून पाहिले तर इथे एक गंभीर शंका उभी राहते आणि आपण तिला बगल देत आलो आहोत. बॅसिल हे सगळे करतो ते डोक्याला मार बसल्यामुळे. 'गोर्मे नाइट'मध्ये, म्हणजे बरोबर आठवडाभर आधी दाखवलेल्या भागात, तो बंद पडलेल्या मोटारीला झाडाच्या फांदीने बडवतो तेव्हा त्याच्या डोक्याला काहीही झालेले नसते. तो वेडेपणा शंभर टक्के त्याचा स्वतःचा असतो. इथे मात्र लेखकांनी त्याला वैद्यकीय सबब देऊन ठेवली आहे. भ्रमिष्ट झालेला माणूस काहीही बरळतो, त्यात त्याचा काय दोष, असे म्हणून प्रेक्षक हात झटकू शकतो. फार्सच्या नियमाने ही मोठी सूट झाली, आणि 'द जर्मन्स'ला पहिला क्रमांक देणाऱ्यांनी या सुटीचे समर्थन कधी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

या शंकेचे उत्तर भागातच आहे, आणि ते मेजरच्या प्रवेशात आहे.

बॅलर्ड बर्कली यांनी उभा केलेला मेजर गोवन हा हॉटेलात कायमचा मुक्काम ठोकून असलेला जुना लष्करी गृहस्थ. वर्तमानपत्र आले का, बार उघडला का आणि क्रिकेटचा धावफलक काय, एवढेच त्याचे जग. पूर्वार्धात, बॅसिलच्या डोक्याला अजून कसलीही इजा झालेली नसताना, दोघे बोलत उभे आहेत. जर्मन पाहुणे येणार असल्याचे कळताच मेजर जर्मनांविषयी मनातले सगळे ओकून टाकतो. बॅसिल वरकरणी म्हणतो की झाले गेले विसरून क्षमा करायला हवी, आणि त्याच श्वासात, ती कशी करायची देव जाणे, असे म्हणून त्याच लोकांना शिवी हासडतो. मग मेजरची गाडी रुळावरून घसरते आणि तो एका जुन्या मैत्रिणीची आठवण सांगू लागतो. तिला आपण इंडिया दाखवायला नेले होते, असे तो म्हणतो. बॅसिल चकित होऊन विचारतो, इंडिया? तर मेजर खुलासा करतो, ओव्हलवर! म्हणजे लंडनच्या मैदानावर भारतीय क्रिकेट संघाचा सामना. ती बाई सकाळभर भारतीय खेळाडूंना एक वंशद्वेषी शिवी देत होती आणि मेजरने तिला थांबवून दुरुस्ती केली की ती शिवी वेस्ट इंडीजवाल्यांसाठी असते, भारतीयांसाठीची शिवी वेगळी आहे.

एवढी ती वाक्ये. त्या दोन शिव्या इथे लिहून दाखवण्याची गरज मला वाटत नाही. आपल्या सर्वांना त्या ठाऊक आहेत.

या चार वाक्यांत विनोदाचे यंत्र कसे चालते, ते बारकाईने पाहू. मेजर रागावलेला नाही. तो त्या बाईला सभ्यतेचा धडा देतो आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. चुकीच्या माणसाला चुकीची शिवी देणे त्याला अडाणीपणाचे वाटते, एखाद्याने फलंदाजाच्या फटक्याचे नाव चुकीचे घ्यावे तसे. याच मेजरला पुढे सांबराचे डोके बोलू लागल्याचा भास होतो, कारण मॅन्युएल काउंटरमागे दडून पुस्तकातले इंग्रजी घोकत असतो. त्या वेळी त्याला पहिला प्रश्न पडतो तो जनावराच्या राष्ट्रीयत्वाचा : जपानी का? बॅसिल सांगतो, बहुधा कॅनेडियन असावे. बोलणारे सांबर मेजरला विचित्र वाटत नाही, फक्त त्याला कुठल्या खणात ठेवायचे तेवढे कळायला हवे. दोन्ही प्रवेशांची जात एक आहे, आणि पहिला कापला की दुसरा नुसता एका म्हाताऱ्याच्या बहिरेपणावरचा विनोद उरतो.

मला याहून महत्त्वाचे वाटते ते बॅसिलचे उत्तर. मेजरची ती मुक्ताफळे ऐकल्यावर त्याला शिव्यांत वावगे काहीच दिसत नाही. तो मान डोलावतो आणि म्हणतो की बायकांचा असा गोंधळ होतोच, विचार करणे हे त्यांचे काम नव्हे, घरी सिबिलमध्ये आपण ते रोज पाहतो. म्हणजे वंशद्वेष त्याच्या कानावरून वाऱ्यासारखा जातो आणि त्याला पकडता येतो तो फक्त बायकोला हिणवण्याचा धागा. (या उत्तरावर आपल्या वादात मी जवळपास काहीच वाचलेले नाही, शिव्यांची मोजदाद करण्यात दोन्ही बाजू इतक्या गुंतल्या आहेत की बायकांचा अपमान सगळ्यांच्याच नजरेतून निसटला आहे.) शुद्धीवर असलेला, अंगात टाय-कोट असलेला, गिऱ्हाइकांशी अदबीने वागण्याचा आव आणणारा बॅसिल हा असा आहे. तव्याच्या फटक्याने त्याच्या डोक्यात नवीन काहीही शिरत नाही. मेजर जे भानावर असताना बेधडक बोलतो, तेच बॅसिल भान हरपल्यावर बोलतो, आणि दोघांत फरक एवढाच की एकाला आपण काय बोलतो ते लपवावे असे वाटतच नाही, तर दुसऱ्याने आयुष्यभर ते लपवण्यात शक्ती खर्च केली आहे.

म्हणून ती वाक्ये काढली की वैद्यकीय सबब पूर्ण लागू होते. डोक्याला मार बसलेला एक माणूस पाहुण्यांशी वेड्यासारखा वागतो, एवढीच गोष्ट उरते, आणि ती गोष्ट साधारण दर्जाची आहे. वाक्ये ठेवली की प्रेक्षकाला बॅसिलचे ते बरळणे ओळखीचे वाटते, कारण त्याची सौम्य आवृत्ती त्याने थोड्या वेळापूर्वी ऐकलेली असते.

हे मी एक भारतीय, त्यातही मराठी, प्रेक्षक म्हणून लिहीत असल्याने ओव्हलचा उल्लेख तसाच सोडता येत नाही. मेजर सांगतो तो सामना सरे या कौंटीविरुद्धचा आहे, कसोटी नव्हे, त्यामुळे त्याचा संबंध विशिष्ट कसोटीशी जोडण्याचा मोह मी आवरते. तरीही आमच्या पिढीच्या घरांत ओव्हल म्हटले की एकच तारीख आठवत असे : २४ ऑगस्ट १९७१. अजित वाडेकरांच्या संघाने त्या दिवशी इंग्लंडला चार गडी राखून हरवले आणि इंग्लंडच्या भूमीवर भारताने पहिला कसोटी विजय व त्यासोबत मालिकाही जिंकली. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला, एकनाथ सोलकरने शॉर्ट लेगला पुढे झेपावून ॲलन नॉटचा झेल घेतला, आणि मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी दोन्ही डावांत टिच्चून फलंदाजी केली. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि भारतीय प्रेक्षकांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातली बेला नावाची हत्तीण मैदानावर आणवली होती. पुढे १९७४ साली याच वाडेकरांचा संघ लॉर्ड्सवर ४२ धावांत गारद झाला, तेही खरे आहे. पण वेस्ट इंडीजचे पाहा : हा भाग दाखवला गेला त्याच्या चारच महिने आधी, २१ जून १९७५ रोजी, क्लाइव्ह लॉइडच्या संघाने लॉर्ड्सवर पहिला विश्वचषक जिंकला होता. म्हणजे मेजर ज्या दोन संघांसाठी शिव्यांचे वर्गीकरण करत बसला आहे, ते दोन्ही संघ इंग्लंडच्या नामांकित मैदानांवर येऊन जिंकून गेलेले होते. १९७५चा प्रेक्षक हे जाणत होता. जुन्या साम्राज्याचा शिल्लक राहिलेला म्हातारा मैदानावर काय घडते आहे ते पाहतच नाही आणि अजून नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत बसतो, हे त्याचे हास्यास्पदपण या पार्श्वभूमीवर अधिक ठसते.

असे असले तरी ती वाक्ये मला टोचत नाहीत असे मी म्हणणार नाही. टोचतात. 'आम्हाला काही वाटत नाही, तुम्हीच हळवे' असे जे ठेवा-पंथाचे, म्हणजे वाक्ये ठेवाच म्हणणारे, मित्र ठासून सांगतात, त्यांच्यातले बहुतेक त्या दोनपैकी एकाही शिवीचे लक्ष्य कधी झालेले नसतात. ज्या ब्रिटनमध्ये हा भाग चित्रित झाला, तिथे १९६८ साली इनॉक पॉवेल या राजकारण्याचे स्थलांतरितांविरुद्धचे ते कुप्रसिद्ध भाषण होऊन गेले होते, १९७२ साली युगांडातून हाकललेले भारतीय वंशाचे लोक येऊन पोहोचले होते आणि त्यांच्याविरुद्ध मोर्चे निघत होते. त्या काळी शाळेतून घरी जाताना ज्या मुलांनी रस्त्यावर हेच शब्द ऐकले, त्यांना रात्री दूरदर्शन संचातून तेच शब्द आणि त्यामागून प्रेक्षकांचे हसू ऐकू आले असेल. ते हसू मेजरला होते की मेजरबरोबर होते, हे ध्वनिमुद्रित हशावरून ओळखता येत नाही. 'टिल डेथ अस डू पार्ट' या ब्रिटिश मालिकेतल्या वंशद्वेषी आल्फ गार्नेटबाबत हेच झाले होते : लेखकाने ज्याची टर उडवायला तो माणूस रचला, त्यालाच आपला प्रवक्ता मानणारे प्रेक्षक निघाले. मेजर हा काही दशकांपूर्वीचा जीवाश्म आहे, आम्ही त्याच्या मतांचे समर्थन करत नव्हतो, टिंगल करत होतो, असे क्लीझनी २०२० साली सांगितले. त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही, पण हेतू स्वच्छ होता म्हणून ऐकणाऱ्याला लागू नये, असे म्हणता येत नाही.

आता कापाकापीच्या इतिहासाकडे वळते, कारण त्यातही दोन्ही बाजूंनी सोयीचे तेवढेच घेतले आहे. बीबीसीने २०१३ साली हा भाग संध्याकाळी साडेसातला, कुटुंबे एकत्र पाहतात त्या वेळी, पुन्हा दाखवताना मेजरची ती वाक्ये गाळली. लोकांची दृष्टी बदलली आहे, असे कारण तिने दिले आणि क्लीझ यांच्या व्यवस्थापकांची संमती घेतल्याचेही सांगितले. २०२० सालच्या जूनमध्ये, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या झाल्यानंतर उसळलेल्या आंदोलनांच्या दिवसांत, बीबीसीच्याच मालकीच्या यूकेटीव्ही या वाहिनीसमूहाने हा संपूर्ण भाग आपल्या प्रसारण मंचावरून काढून टाकला. क्लीझ संतापून बोलले, आणि एक-दोन दिवसांत भाग परत आला, सोबत आक्षेपार्ह भाषेविषयीची सूचना जोडून. नंतर २०२४ साली लंडनच्या अपोलो थिएटरात मालिकेचे नाट्यरूप आले, ज्यात 'द हॉटेल इन्स्पेक्टर्स', 'कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स' आणि 'द जर्मन्स' या तीन भागांची वीण आहे. त्यातून त्या शिव्या खुद्द क्लीझनीच वगळल्या. उपरोध न कळणारी, शब्दशः अर्थ घेणारी माणसे फार झाली आहेत, असे त्यांचे म्हणणे.

एकाही शब्दाला हात लावू नका, असे म्हणणाऱ्यांनी लेखकानेच हात लावल्यावर काय म्हणायचे, ते त्यांनी ठरवावे. माझ्यापुरते सांगायचे तर नाट्यरूप ही नवी कलाकृती आहे. तिथे तीन भागांचे धागे एकत्र आल्याने बॅसिलचा स्वभाव प्रस्थापित करायला दुसरे अनेक प्रसंग हाताशी आहेत आणि मेजरच्या त्या प्रवेशावर तेवढा भार येत नाही. अर्ध्या तासाच्या मूळ भागात तशी चैन नाही. म्हणून रंगमंचावरची काटछाट मला चालते आणि २०१३ची चालत नाही. त्यातही माझी खरी तक्रार कात्रीच्या बेमालूमपणाबद्दल आहे. गाळलेल्या आवृत्तीत तिथे काही होते याची खूणसुद्धा उरत नाही, आणि नव्या प्रेक्षकाला वाटते की मेजर म्हणजे एक गोड विसराळू आजोबा. मेजरचे असे निर्जंतुकीकरण करणे हा इतिहासाला केलेला मेकअप आहे. भाग चालवायचाच नसेल तर चालवू नये. चालवायचा तर आधी स्पष्ट सूचना द्यावी, रात्री उशिरा दाखवावा आणि संपूर्ण दाखवावा.

या सगळ्या वादात ज्या दोन माणसांकडे आपण पाहायला हवे होते, त्यांच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. पहिले अँड्रू सॅक्स. 'द जर्मन्स' जर्मनांवर अन्याय करतो की नाही, यावर आपण पाने भरली, पण त्यात मॅन्युएलचे काम करणारा हा नट १९३० साली बर्लिनमध्ये जन्मला होता, त्याचे वडील ज्यू होते, आणि नाझींच्या छळामुळे १९३८ साली ते कुटुंब इंग्लंडात आश्रयाला आले होते. स्पॅनिश ढब जमेल की नाही याची धास्ती वाटून, वेटर जर्मन केला तर चालेल का, असे त्यांनी क्लीझना सुरुवातीला विचारले होते. मुदपाकखान्यातून धुमसत्या कपड्यांनिशी बाहेर येतानाच्या दृश्यात त्या कपड्यांवर लावलेल्या रसायनांनी त्यांना खरोखर भाजले. ज्या दालनात बॅसिल हिटलरची नक्कल करतो, त्या दालनातला वेटर हिटलरमुळे देश सोडलेला माणूस आहे, हे ठाऊक झाल्यावर तो प्रवेश पूर्वीसारखा पाहता येत नाही. मात्र यावरून 'त्यांची हरकत नव्हती, मग तुमची का' असा युक्तिवाद काढणे मला अयोग्य वाटते. एका नटाने काम स्वीकारले याचा अर्थ त्याने सर्वांच्या वतीने परवानगी दिली, असा होत नाही.

दुसरे लुई महोनी. रुग्णालयात बॅसिल वळतो आणि समोर कृष्णवर्णीय डॉक्टर पाहून क्षणभर दचकतो. तो डॉक्टर म्हणजे महोनी. गॅम्बियात जन्मलेले हे गृहस्थ वैद्यकीय शिक्षणासाठीच इंग्लंडात आले होते, ते सोडून नाटकाकडे वळले आणि पुढे नटांच्या संघटनेत कृष्णवर्णीय व आशियाई कलाकारांच्या हक्कांसाठी झगडत राहिले. यूकेटीव्हीचा तो गोंधळ झाला त्याच जून २०२०च्या अखेरीस त्यांचे निधन झाले. त्या दचकण्यात एकही शिवी नाही, म्हणून कात्रीवाल्यांना ते कधी दिसले नाही; आणि ठेवा-पंथाने त्याची बाजू घेतली नाही, कारण त्यावर कोणी हल्लाच केला नव्हता. माझ्या मते मेजरच्या प्रवेशाला जोडून वाचायचा हा दुसरा पुरावा आहे. डॉक्टर शांत आहे, सुसंस्कृत आहे, आपले काम चोख करतो आहे. बावचळला आहे तो बॅसिल, आणि तेही तव्याचा फटका बसण्याच्या कितीतरी आधी. हा क्षण आणि मेजरचा प्रवेश मिळून उत्तरार्धाची पूर्वतयारी पूर्ण करतात. एक क्षण ठेवून दुसरा कापणाऱ्या संपादकाला ही जोडी कळलीच नव्हती, असे म्हणणे भाग आहे.

जर्मन पाहुण्यांविषयीही एक गोष्ट मांडायची राहिली. ते चौघे संपूर्ण भागात एकदाही वेडेवाकडे वागत नाहीत. ते अदबीने जेवण मागतात, गोंधळतात, दुखावतात, एकजण संतापून उत्तर देतो की सुरुवात आम्ही केली नाही. त्यावर बॅसिलचे, तुम्हीच केली, पोलंडवर चालून गेलात, हे प्रत्युत्तर त्यांना नव्हे, त्यालाच उघडे पाडते. भागाचा शेवटही लेखकांनी त्यांच्याच हाती दिला आहे : सांबराचे डोके कोसळून बॅसिल आणि मॅन्युएल जमिनीवर पडलेले असताना एक जर्मन पाहुणा हताशपणे विचारतो की हे लोक जिंकले तरी कसे? युद्धानंतर तीस वर्षे त्या विजयाच्या पुंजीवर जगणाऱ्या देशाला स्वतःच्याच वाहिनीवरून हा प्रश्न विचारला जावा, यात या भागाचे खरे धाडस आहे. 'द जर्मन्स' म्हणजे जर्मनांची खिल्ली असे समजून फुटबॉलच्या सामन्यांना ते तंगड्या फेकत चालणे करून दाखवणाऱ्या चाहत्यांनी हा शेवट पाहिलेला नसावा, किंवा पाहून तो आपल्याविषयी आहे हे त्यांना उमगलेले नसावे.

इतके सगळे लिहूनही, 'द जर्मन्स' हा मालिकेतला सर्वश्रेष्ठ भाग आहे, असे माझे मत नाही. मेजरच्या प्रवेशाने तव्याची सबब बरीच सौम्य होते, पण नाहीशी होत नाही. शिवाय भागाचे दोन तुकडे दिसतात : तालमीचे प्रकरण आगीपाशी संपते आणि जर्मन पाहुण्यांचे प्रकरण जवळजवळ नव्याने सुरू होते, सांबराचे डोके तेवढे दोहोंना बांधून ठेवते. आणि सिबिल जवळ नसणे ही आणखी एक उणीव आहे, कारण सिबिलचे काम करणाऱ्या प्रुनेला स्केल्स समोर उभ्या असल्या की बॅसिलच्या थापांना जी धार चढते, ती दूरध्वनीवरून येत नाही. १९७९च्या सत्रातले 'कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स' आणि 'द किपर अँड द कॉर्प्स' हे भाग बांधणीत याच्या पुष्कळ पुढे आहेत. त्यांत एकही दुवा सैल नाही. 'द जर्मन्स'ला आपण जे पहिले स्थान देतो, त्यात त्याच्या गुणांचा वाटा किती आणि २०२० सालच्या वादाचा किती, हे प्रत्येकाने स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावे. बंदी आली म्हणून एखादी गोष्ट थोर ठरत नाही, तशीच ती टाकाऊही ठरत नाही.

तेव्हा आपणा सर्वांना माझी विनंती अशी की वाद जरूर चालू ठेवावा, मात्र तो भागाविषयी असावा. तव्याच्या फटक्याने बॅसिलची जबाबदारी कमी होते का? सिबिल रुग्णालयात नसती तर हा भाग चढला असता की पडला असता? महोनींच्या प्रवेशावर स्टुडिओतले प्रेक्षक हसले ते नेमके कोणाला? यावर कोणी मनापासून लिहिले तर मला ते वाचायचे आहे. आणि 'गोर्मे नाइट'पेक्षा 'द जर्मन्स' रचनेत सरस आहे, हे मेजरची वाक्ये वगळलेल्या आवृत्तीच्या आधारे कोणी सिद्ध करून दाखवले, तर या पत्रातला माझा मुख्य मुद्दा मी मागे घेईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मालिकेची एक जुनी चाहती